तीन नंबरच्या भोकातला झेंडू

स्पार्क प्लग केवढा असतो? माझ्या मधल्या बोटाएवढा. आणि मी केवढा? गॅरेजच्या शटरखालून वाकून यावं लागतं एवढा. तरी आमच्या दोघांत घाबरतो तो मी.

दिवाळी अंकवाल्या ताईंचा फोन आला तेव्हा मी पहिलं विचारलं, "कंप्लेंट कोणी केली?" त्या बोलल्या, कंप्लेंट नाही हो, तुमच्या कामाबद्दल सांगा. आता माझं शिक्षण चौथी, ती पण मास्तरांना घाबरून अर्धीच. म्हणून मी बोलतोय आणि माझी सून लिहितेय. सासऱ्याला हसायचं नाय असं तिला आधीच बजावलंय. ती हसतेय.

माझं गॅरेज महाप्याला, एमआयडीसीच्या आतल्या गल्लीत. पूर्वी तिथे आमच्या आजाचं भाताचं शेत होतं. आज त्याच जागेवर पावडर कोटिंगवाला हाय, कँटीन हाय, काचेची आयटीची बिल्डिंग हाय आणि तिच्या सावलीत मी. मी जुन्या गाड्यांचं काम करतो. लोकांना वाटतं मोठा उस्ताद असणार. तसं काय नाय. नव्या गाडीत कॉम्प्युटर असतो, तो स्क्रीनवर दाखवतो की तू चुकलास. मला ते सहन होत नाय. जुनी गाडी काय दाखवत नाय. ती सरळ मरते. म्हणून तिच्यासमोर जास्त घाबरून काम करावं लागतं, आणि घाबरायचं काम मला जमतं.

आता प्लग म्हणजे काय ते सांगतो. गॅस पेटवायचा लायटर असतो ना, टक केलं की ठिणगी? तसाच लायटर इंजिनच्या डोक्यात आटे पाडून बसवलेला असतो. आत पेट्रोलची वाफ आणि हवा. ठिणगी पडली की भडका, भडक्याने पिस्टन खाली, गाडी पुढे. चार सिलिंडर, चार प्लग. एकाने टक करायचं सोडलं की बाकीचे तिघं त्याला खांद्यावर घेऊन चालतात आणि गाडी लंगडते.

कुठलाही प्लग कुठेही चालत नाय. आट्यांची लांबी चुकली, लांब प्लग आखूड जागी बसवला, तर पिस्टन वर येऊन त्याच्या तोंडावर मारतो. त्याहून वाईट भानगड गरम-थंडची. गरम प्लग उष्णता धरून ठेवतो, स्वतःची काजळी स्वतः जाळतो. सिग्नल सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला तो बरा. थंड प्लग उष्णता पटकन सोडून देतो. जोरात पळणाऱ्या गाडीला तो बरा, पण ट्रॅफिकमधे उभा केलात तर काळा पडून बसतो. आणि गरम प्लग प्रमाणाबाहेर तापला तर ठिणगीची वाटच बघत नाय, आधीच भडका उडवतो. तुर्भ्याला माझे उस्ताद होते, त्यांनी तशा भडक्याने जळलेला एक पिस्टन भिंतीवर खिळ्याला टांगून ठेवलेला. मधोमध भोक, कडा वितळलेल्या. त्यातून मागची भिंत दिसायची. उस्ताद बोलायचे, "याच्याकडे बघून कामाला लागायचं." बाकीची पोरं बघायची आणि कामाला लागायची. मी बघायचो आणि मोरीवर जायचो.

तो पिस्टन माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाय. पुढे जे झालं ते त्याच्यामुळेच झालं.

आता सबनीस मॅडम. नेरूळला राहतात. ठाणे-बेलापूर रोडच्या एका केमिकल कंपनीत लॅबच्या इन्चार्ज होत्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. एकट्या. उंचीने माझ्या खांद्याला, आवाजाने माझ्या डोक्यावर. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची गाडी हाय. लाल, विलायती, दोन माणसांची, वर छप्पर नाय. इतकी बुटकी की बाजूला रिक्षा उभी राहिली तर रिक्षावाला वरून खाली बघतो. ती गाडी त्या स्वतः चालवतात, आणि तिच्याबद्दल त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती हाय. काम चालू असताना हात मागे बांधून उभ्या राहतात आणि काय बोलत नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या तर मला बरं वाटेल.

त्या इंजिनचं डोकं, आमी हेड बोलतो, ते ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम मऊ, प्लग लोखंडाचा. इंजिन गरम असताना प्लग काढायला गेलात तर प्लगबरोबर हेडचे आटे पण उपसून येतात. मग ते हेड गेलं. आणि तसं दुसरं हेड आपल्याकडे कुठे मिळत नाय. मॅडमनी पहिल्याच दिवशी मला हे सांगितलेलं, आणि त्या दिवसापासून त्या गाडीला पाना लावायच्या आधी मी हात पुसतो. हाताला काय लागलेलं नसतं. घाम असतो.

गेल्या दसऱ्याच्या आधी मॅडम आल्या. गाडीतून उतरायला त्यांना वेळ लागला. दरवाजा धरून उभ्या राहिल्या आणि बोलल्या, "बाळू, डावा गुडघा संपला. दसरा झाला की ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, एवढ्या खाली वाकून पुन्हा बसता येईल असं सांगता येत नाही. आणि हिचा क्लच तर तुला माहीतच आहे."

क्लच मला माहीत हाय. तो दाबायचा म्हणजे जिन्याची एक पायरी जमिनीत घालायची.

मी विचारलं, "मग गाडी?"

"पुण्याचा भाचा नेणार. त्याच्या बंगल्यात काचेमागे ठेवणार म्हणतो. मासा ठेवतात तशी." मग बोलल्या, "दसऱ्याला मी खंडाळ्याला जाणार. जुन्या रस्त्याने, घाट चढून. वडिलांनी मला गाडी त्या घाटात शिकवली. एकदा वर जायचंय, एवढंच. तू प्लग साफ करून ठेव. आणि तू बरोबर यायचंस."

"मी कशाला, मॅडम?"

"मधेच बंद पडली तर मी काय करू? वाकता तर येत नाही."

मी होय बोललो. नाय बोलायची भीती वाटली.

नवमीच्या सकाळी मी चारी प्लग काढले. काढायच्या आधी भोवतीची धूळ हवेने उडवायची, नायतर प्लग निघाला की कचरा सरळ आत. प्लग काढला की त्याचं नाक बघायचं. चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा रंग असेल तर इंजिन खुशीत. काळं कुट्ट म्हणजे काजळी, पांढरं फटक म्हणजे आत भट्टी. हे चारी बिस्किटासारखे. तीन नंबरचा जरा गडद, कारण त्या गाडीत तीन नंबरला पेट्रोल थोडं जास्त जातं, पहिल्यापासूनच. मी साफ केले, ठिणगी पडते ती फट पत्ती घालून मापली आणि चारी भोकांत स्वच्छ फडक्याच्या गुंडाळ्या घातल्या, आत काय पडू नये म्हणून.

आणि नवमी म्हणजे खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात. पाने, हातोडी, जॅक, सगळं धुऊन पाटावर मांडायचं, हळद-कुंकू लावायचं. एकदा बसली की दसऱ्याच्या सकाळची आरती होईपर्यंत कोणी उचलायची नाहीत. माझ्या बापाने कोयता उचलला नाय, मी पाना उचलत नाय. प्लगचा पाना पाटावर, साफ केलेले चार प्लग पण पाटावर, आणि गाडी बॉनेट उघडं टाकून उभी. पूजेचं सगळं माझी बायको सुनंदा बघते. मला तिथे फक्त नारळ फोडायला देतात. तो पण एका फटक्यात फुटत नाय.

दसऱ्याच्या सकाळी मी चपला बाहेर काढून आत गेलो. गाडी सजवलेली. बॉनेटवर कुंकवाची बोटं, स्टिअरिंगला माळ. आणि इंजिनवर माझ्या फडक्याच्या जागी, चारी भोकांत, एक एक झेंडूचं फूल.

मला आधी वाटलं, छान दिसतंय. मग फडकी आठवली.

"सुनंदा! फडकी कुठे हायत?"

"त्या मळक्या चिंध्या? टाकल्या. अवो, वर्साचा सन, आनि देवासमोर गाडीच्या तोंडात चिंध्या कोंबून ठेवायच्या? बरं दिसतं का? मी फुलं घातली. फिट बसली बघा."

"फिट बसली बघा" हे तिने आनंदाने सांगितलं. तिची काय चूक नाय. तिला भोक दिसलं, तिने फूल घातलं.

मी एक एक फूल काढायला लागलो. एक नंबर आलं. दोन आलं. तीन नंबरचं देठ माझ्या हातात आलं आणि पाकळ्या आत राहिल्या. चार नंबर आलं. पाकळ्यांचं मला एवढं नव्हतं, पाकळ्या जळून जातात. पण तीन नंबरचं देठ उलटं करून बघितलं तर त्याला आंब्याच्या पानाचा तुकडा चिकटलेला, आणि पानाला दोन बारीक भोकं.

"ही फुलं कुठून आणली?"

"तोरनातली. माळ संपली ना."

दारावरचं तोरण मी बघितलं. बाजारात हल्ली तोरण दोऱ्यात ओवत नाहीत. पान दुमडून फुलाला स्टेपलरची पिन मारतात. सगळ्या पानांना पिन होती. माझ्या हातातल्या पानाला नव्हती. भोकं होती, पिन नव्हती.

म्हणजे पिन कुठे होती? रस्त्यात, कचऱ्यात, सुनंदाच्या पदराला, कुठेही. पण मी असा माणूस हाय की भरलेल्या बसमधे कोणी शिंकला तर मला वाटतं ती माझ्यासाठीच शिंक. माझ्या डोक्यात ती पिन एकाच जागी होती. तीन नंबरच्या सिलिंडरमधे.

सिलिंडरमधे पिन म्हणजे काय, ते सांगतो. पिस्टन मिनिटाला हजारो वेळा वरखाली करतो. त्यात ती पिन फिरणार. भिंतीला ओरखडे पाडणार. नायतर व्हॉल्व्हच्या बुडात अडकणार, आणि व्हॉल्व्ह मिटला नाय की तो जळणार. आणि हे सगळं खंडाळ्याच्या घाटात, बाजूला दरी, मागे कंटेनर, गाडीत मी.

मी पाटाकडे धावलो. सुनंदा आडवी आली.

"आरती झाली नाय. हात लावायचा नाय."

"अगं, पिन पडलीय!"

"पिन पळून चाललीय का? आधी आरती."

त्या दिवशीइतकी मनापासून आरती मी आयुष्यात केली नसेल. टाळ्या वाजवताना पण माझा एक डोळा तीन नंबरवर होता.

आरती झाल्यावर लांब दांडीचा चुंबक घेतला, आत फिरवला. काय लागलं नाय. बारीक नळी लावून व्हॅक्युम केला. पाकळ्या आल्या, पिन नाय. फोनला लावायचा तो छोटा कॅमेरा आत सोडला. पिस्टनचा माथा दिसला, काळा, तेलकट. एका कोपऱ्यात काहीतरी चमकलं. मी ओरडलो. सुनंदाने चष्मा लावून बघितलं आणि बोलली, "तेल हाय ते." मी परत चुंबक घातला. परत व्हॅक्युम. प्लग नसताना इंजिन फिरवलं, म्हणजे हवेबरोबर असेल ते बाहेर येईल. एक पाकळी उडून माझ्या कपाळाला चिकटली. बस.

मॅडम आल्या. पँट, कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल. मी सगळं सांगून टाकलं, न विचारता, सुनंदाने दिलेला चहा त्यांच्या हातात पोचायच्या आधी. त्यांनी पान हातात घेतलं, भोकं बघितली. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी विचारलं, "चुंबक किती वेळा फिरवलास?"

"फिरवतोच हाय, मॅडम."

"कॅमेऱ्यात दिसली?"

"नाय."

"मग नाही."

"पण असेल तर?"

"बाळू, ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. घाट पुढच्या वर्षी पण असेल. गुडघा नसेल. हेड उघडून बघायला तुला किती दिवस लागतील? आणि ते परत बसवायला सामान आहे तुझ्याकडे?"

नव्हतं. हेडखालची गॅस्केट फाटली तर दुसरी कुठून आणणार?

"प्लग लाव," त्या बोलल्या.

आता इथे मी काय केलं ते ऐका. पिनेची भीती होतीच. ती कमी पडली म्हणून उस्तादांचा तो टांगलेला पिस्टन आठवला. घाट, चढ, उन्हाची वेळ. जुने प्लग जरा गरम जातीचे. घाटात तापले आणि पिस्टनला भोक पडलं तर? माझ्याकडे एका रेसवाल्या गिऱ्हाइकासाठी आणलेले थंड प्लग पडून होते. लांबी तीच, आटे तेच. मी मॅडमना बोललो, आज हे घालू.

"हे वाशीच्या सिग्नलला काळे होतील."

"वाशीला जायचंच नाय, मॅडम."

"कळंबोलीला तर जायचंय." माझ्या चेहऱ्याकडे बघितलं त्यांनी. मग बोलल्या, "घाल. तू घाबरलेला असलास तर तुझा हात हलेल, आणि हात हलला तर आटे जातील. घाल ते. पण जुने खिशात ठेव."

मी जुने चार प्लग हळद-कुंकवासकट फडक्यात गुंडाळून शर्टाच्या खिशात घातले आणि निघालो.

त्या गाडीला पट्टा नाय. बूड रस्त्यापासून वीतभर. मी दरवाजाची वरची कड धरली ती सोडलीच नाय. पाम बीचवर मॅडमनी जरा पळवली. पोरं बाईक बाजूला घेऊन बोलत होती, "आजी, एक नंबर!" मॅडम हसत होत्या. मी तीन नंबर ऐकत होतो.

कळंबोलीला जाम. दसऱ्याचा दिवस, प्रत्येकाने नवी गाडी काढलेली, प्रत्येक गाडीला हार. आमी ट्रकच्या चाकांच्या मधे बसलेले. इंजिन रिकामं घुमतंय, आणि मी इतका पिनेचा आवाज शोधतोय की समोरच्या टेम्पोत घुंगरू वाजलं तरी बोलतोय, "मॅडम, ऐकलंत?"

"घुंगरू आहे, बाळू."

"नाय, त्याच्या खालचा आवाज."

"तुझे दात वाजतायत."

पनवेल गेलं, चौक गाव गेलं, खोपोली आली आणि चढ लागला. पहिली दोन वळणं गाडी अशी गेली की मला वाटलं देव हाय. तिसऱ्या वळणावर गाडीने धक्का खाल्ला. मग परत. मग लंगडायला लागली. तीन पायांवर. मागून ट्रकने हॉर्न दिला. दरीच्या बाजूचा कठडा माझ्या कोपराच्या जवळून जात होता. मॅडमचा डावा पाय क्लचवर थरथरताना मला दिसत होता. त्यांनी दुसरा गिअर टाकला, ओठ आवळले आणि शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली.

"कुठला?" त्या बोलल्या.

कुठला प्लग गेला ते शोधायला इंजिन चालू ठेवून एक एक वायर काढून बघायची. ज्याची काढल्यावर इंजिनला काय फरक पडत नाय, तो मेलेला. एक नंबरची काढली, इंजिन अडखळलं. दोन नंबरची काढताना मला असा शॉक बसला की डोकं बॉनेटवर आपटलं. तीन नंबरची काढली. काय फरक नाय.

तीन नंबर.

मी खालीच बसलो, रस्त्यावर. "मॅडम, पिन."

"उघड."

"गरम हाय."

"बाळू, उशीर होतोय. माझा पाय सुजतोय. उघड."

मी सांगतो, त्या बाईला मी आयुष्यात कधी नाय बोललो नव्हतो. त्यांच्यापुढे मी चहात साखर कमी हाय असं पण बोललेलो नाय. आणि ट्रक असे अंगावरून चालले होते की गाडी हलत होती. मला तिथून पळायचं होतं. प्लग काढून, बघून, जे असेल ते होऊ दे, घरी जायचं होतं. पण मी इंजिनकडे बघितलं. आत पिन असेल तर एक सिलिंडर जाईल. गरम असताना पाना लावला तर हेडच जाईल. दोन भीतींमधे मी मोठी भीती निवडली.

"नाय मॅडम," मी बोललो. "थंड होऊ दे."

 मग गाडीच्या दारावर हात टेकून हळूच बोलल्या, "बरं." आणि पाय लांब करून बसल्या.

मी बॉनेट पूर्ण उघडं ठेवलं आणि पुठ्ठ्याने वारा घालत बसलो. इंजिनला. देवळापाशी ट्रकवाले खिडकीतून हात जोडून पुढे जात होते. मी पण जोडले. मधे मधे हेडला बोट लावून बघायचो आणि चटका बसला की बोट तोंडात घालायचो. मॅडमनी थर्मासमधला चहा दिला. त्यांचे बाबा याच वळणावर त्यांना ओरडले होते, असं त्यांनी सांगितलं. त्या रडल्या होत्या, आणि बाबांनी सांगितलं होतं, रड, पण क्लच सोडू नको.

हेडवर हात ठेवता यायला लागला तेव्हा मी पाना लावला. हळू. पाव फेरा पुढे, जरा मागे, पाव फेरा. प्लग आला. मी डोळे मिटले होते.

"काय आहे?" मॅडम.

डोळे उघडले. प्लगचं नाक मखमलीसारखं काळं. ओलं. "काजळी."

"पिन?"

"नाय."

"ओरखडा?"

बॅटरी मारून आत बघितलं. "नाय."

"मग?"

"मग मी," मी बोललो.

त्या जामात थंड प्लग काळे पडले, आणि तीन नंबरला पेट्रोल जास्त, म्हणून तो पहिला गेला. मॅडमनी निघायच्या आधी सांगितलेलंच. बोलल्या मात्र नाहीत की मी सांगितलं होतं. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

खिशातून जुने काढले. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर हळद-कुंकू. ते नीट पुसावं लागतं, नायतर ठिणगी बाहेरूनच पळते. रुमालाने पुसले. आता बसवायचे. प्लगचे पहिले आटे नेहमी बोटांनी लावायचे, पान्याने नाय. तिरका लागला आणि जोर दिला तर आटे कापले जातात. आणि माझी बोटं अशी हलत होती की सुईत दोरा ओवायला सांगितला असता तर कपडा भोसकला असता. मॅडम बघत होत्या. ट्रक जात होते.

मग मी रबरी नळीचा वीतभर तुकडा काढला. उस्तादांनी शिकवलेलं. नळी प्लगच्या डोक्यावर खुपसायची आणि नळी फिरवायची. प्लग सरळ लागत असेल तर आत जातो. तिरका लागला तर जोर येतो आणि नळी घसरते, आटे वाचतात. नळी घाबरट असते. जोर लागला की सोडून देते. माझ्याकडे एवढ्या पान्यांमधे माझ्या स्वभावाचं तेवढं एक हत्यार हाय.

चारी बसले. शेवटी पान्याने जरासा, बस. मॅडमनी चावी फिरवली. इंजिन एकदा खोकलं आणि चार पायांवर उभं राहिलं.

वर कसे पोचलो मला आठवत नाय, मी दरवाजा धरून डोळे मिटले होते. उघडले तेव्हा खंडाळा होतं. मॅडमनी इंजिन बंद केलं आणि बोलल्या, "बाबा आज ओरडले नसते." मग उतरायला गेल्या तर गुडघा सरळच होईना. त्यांना बाहेर काढायला मला आणि एका चिक्कीवाल्याला मिळून कसरत करावी लागली. परत येताना गाडी मी चालवली. घाट उतरताना एका सायकलवाल्याने मला ओव्हरटेक केलं. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना गुडघा विसरायला झालं.

ऑपरेशन झालं. भाच्याचा मला फोन यायला लागला. त्याला गाडी चालू कंडिशनमधेच पाहिजे, आणि मॅडमनी त्याला पिनेचं सांगितलेलं. "काका, पिन मिळाली का? मिळाल्याशिवाय मी गाडी घेत नाही. इंजिन खराब झालं तर?" मी बोलायचो, शोधतोय. खरंच शोधत होतो. चुंबक, कॅमेरा, परत चुंबक.

मग एक दिवस माझी चप्पल घसरायला लागली म्हणून उलटी केली, तर तळव्यात पिन. बारीक, चमकणारी, रुतून बसलेली. दसऱ्याला चपला मी तोरणाखालीच काढलेल्या. म्हणजे मी पिनेवर उभा राहून पिन शोधत होतो. खंडाळ्याला पण ती जाऊन आली, बिनतिकीट.

मी धावत नेरूळला गेलो. मॅडम वॉकर धरून हॉलमधे चालत होत्या. मी हात पुढे केला. त्यांनी पिन उचलली, खिडकीच्या उजेडात बघितली. मला वाटलं, आता भाच्याला फोन. त्यांनी चष्म्याची डबी उघडली, पिन आत टाकली, टप्प करून बंद केली.

"सापडली नाही म्हणून सांग."

"मॅडम, मला खोटं बोलता येत नाय. माझा आवाज फाटतो."

"फाटू दे. त्याला वाटेल तू घाबरलायस. तू घाबरतोसच."

तेव्हापासून दर आठवड्याला भाचा विचारतो आणि माझा आवाज फाटतो. तो मराठी वाचत नाय म्हणून हे छापायला दिलंय. त्याला कोणी वाचून दाखवू नका.

गाडी माझ्याकडेच उभी हाय. प्लग तेच, हळदीचा एक डाग आट्यांजवळ राहिलाय, मी काढलेला नाय. रविवारी मॅडम येतात. काठी भिंतीला टेकवतात, मी आणि सुनंदा त्यांना दोन बाजूंनी धरून खाली उतरवतो, आणि त्या सीटवर बसून क्लच दाबतात. पहिल्यांदा तो हललाच नाय. आता अर्ध्यापर्यंत जातो. दाबताना त्यांच्या कपाळावर घाम येतो आणि त्या मला बोलतात, "शेजारी बस."

मी बसतो. गाडी बंद असते, चावी सुनंदाच्या पदराला असते, चाकाखाली विटा असतात. तरी मी दरवाजाची कड घट्ट धरतो.